बॅटरीची हजेरी

“ही देवका सोमनाथ गभाले. कुठं बसलीय?”

हिंगमिरे साहेबांचं बोट हजेरीपटाच्या सातव्या ओळीवर होतं. त्यांनी मान वर करून वर्गाकडे पाहिलं. वर्ग म्हणजे एकच खोली, पहिली ते चौथी. नऊ मुलं मांडी घालून, हाताची घडी करून बसली होती. नवीन साहेब आला की मुलं बसतात तशी, श्वास धरून.

“ती डोंगरावर आहे,” मी म्हटलं.

“आज?”

“आजही. आषाढापासून गुरांमागं जाते.”

साहेबांनी पान मागं उलटलं. मग आणखी एक. “आषाढापासून? मग ही रोजची हजेरी कसली लावलीय तुम्ही? एकही दिवस गैरहजर नाही!”

मी खिडकीकडे हात केला. खिडकीच्या फळीवर चिमट्यासारखा एक चार्जर होता, त्याच्या जबड्यात मोबाइलची एक चपटी बॅटरी, आणि वर लाल दिवा लागलेला.

“ती काय, तिची बॅटरी आलीय.”

आधी साहेबांना वाटलं मी चेष्टा करतेय. ते हसले. मी हसत नाही म्हटल्यावर त्यांचंही हसू विरलं.

“मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही बॅटरीची हजेरी लावता?”

“लावते.”

ओसरीवर काठी टेकून बसलेला खंडूबाबा तेवढ्यात आत डोकावला. देवकाचा आजा. “साहेब, ती बॅटरी मीच आणतो रोज. लावायची तर माझी बी लावा.”

मुलं फिसकन हसली. साहेब हसले नाहीत.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. जांभूळदरा म्हणजे डोंगराच्या पोटाशी बावीस घरांची वाडी. शाळा खाली ओढ्याजवळ, घरं वर चढावर. विजेचा खांब शाळेपर्यंत येऊन थांबलेला. वरच्या घरांत रॉकेलच्या चिमण्या, आणि मोबाइलची रेंज त्याहून वर, थेट पठारावर. देवकाचे आईबाप वर्षातले आठ महिने बागायतीच्या गावांत मजुरीला जायचे. बापानं मुलीशी बोलता यावं म्हणून एक फोन घेऊन दिला होता. मोठ्या बटणांचा, मोठ्या आवाजाचा. पण रेंज पठारावरच, म्हणून फोन राहायचा गुरांबरोबर. आणि चार्जिंग शाळेतच, म्हणून बॅटरी यायची शाळेत. बॅटऱ्या दोन होत्या. खंडूबाबा सकाळी रिकामी आणायचा, भरलेली घेऊन जायचा, टोपीच्या घडीत ठेवून.

वाडीची गुरं त्या वर्षी खंडूबाबाकडे होती. वर्षाचा बोल असतो तो. दसऱ्याला ठरतो, पुढच्या दसऱ्यापर्यंत मोडायचा नाही. आषाढात खंडूबाबा निसरड्यावरून पडला, गुडघा गेला. घरात दुसरं कोण होतं? दहा वर्षांची देवका काठी घेऊन निघाली. जाताना शाळेच्या दारात उभी राहून म्हणाली, “बाई, दसरा झाला की येते. माझं नाव नका काढू.”

“नाही काढणार,” मी म्हटलं होतं.

साहेबांनी हजेरीपट मिटला आणि खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात सरकारी संगणक होता, फुलाफुलांच्या कापडाखाली. साहेबांनी कापड उचललं. पडदा लख्ख, कळफलकावर अजून प्लास्टिक.

“हा चालतो?”

“वीज नीट असली की चालतो. वीज नीट नसते. दोनदा लावला, दोनदा वास आला. पुढं हात लावला नाही.”

“आणि त्याच्या बोर्डात ही वायर कसली खुपसलीय?”

“खिडकीतल्या चार्जरची.”

“म्हणजे संगणकाचा प्लग काढून तुम्ही गुराख्यांच्या बॅटऱ्या भरता!”

“हो साहेब. एवढीच वीज येते, तेवढ्यात बॅटरी भरते. जे भरतं ते भरते.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. हिंगमिरे साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी त्या दिवशीही ओळखलं होतं. डोळ्यांखाली काळं होतं, बुटांना चिखल होता आणि बॅगेत यादी होती. त्या वर्षी वरून यादी मागवली होती, दहाच्या आत पट असलेल्या शाळांची. त्या शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत घालायची होती. आमची जवळची शाळा दोन ओढ्यांपलीकडे होती. पावसाळ्यात त्या ओढ्यांतून बैल जात नाही, पहिलीचं पोर काय जाणार. आणि आमचा पट होता बरोबर दहा. देवका धरून.

“तुमची नोकरी किती राहिली, मॅडम?”

“दोन वर्षं.”

“मग शहाण्यासारखं करा. खोटी हजेरी म्हणजे निलंबनाचं काम आहे, तुम्हाला सांगायला नको. लाल शाई आहे ना? आषाढापासून तिला गैरहजर करा. इतके दिवस सलग गैरहजर म्हटल्यावर पटावरून नाव कमी करा. सही करा. मी ही पानं पाहिलीच नाहीत.”

“आणि पट होईल नऊ.”

“तो माझ्या हातात नाही.”

“हजेरीपट माझ्या हातात आहे,” मी म्हटलं. “नाही करणार मी.”

नऊ मुलं आमच्याकडे पाहत होती. एवढ्या वर्षांत मी साहेबाला असं कधी बोलले नव्हते. साहेब आले की चहा करायचा, शेरेपुस्तक पुढं ठेवायचं, हो म्हणायचं. माझा आवाज मलाच परका वाटला. पण मागं घ्यावासा वाटला नाही.

“शिकणाऱ्या मुलीला मी गैरहजर लिहिणार नाही, साहेब.”

“ती शिकतेय हे कोण सांगतं? बॅटरी?”

“चला, दाखवते.”

“कुठं?”

“वर. तासाभराची चढण आहे. ओढ्यात बूट काढावे लागतील.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग घड्याळाकडे. “आणि शाळा कोण सांभाळणार?”

“म्या हाये की,” ओसरीवरून खंडूबाबा म्हणाला. “वाघाची गोष्ट सांगतो. तुमी येस्तोवर संपत नाय.”

आम्ही निघालो. पोळा होऊन गेला होता, गवत कमरेएवढं, उतारावर सगळीकडे पिवळी सोनकी फुललेली. ओढ्यात साहेबांनी बूट हातात घेतले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्यांना दम लागत होता. मला सवय होती.

“त्या फोनात असं आहे तरी काय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आदल्या वर्षीच्या लावणीत मुलं तीन आठवडे खाचरात होती. बांधावर कुणाचा तरी फोन लावलेला, गाणी चालू. लावणी संपली तेव्हा पहिलीच्या पोरालाही ती सगळी गाणी पाठ होती, मधल्या वाजंत्रीसकट. आणि माझा सातचा पाढा चौथीला येत नव्हता. मी आठवडी बाजारात शब्बीरच्या दुकानात गेले. तिथं पाटी होती, ‘कार्ड भरून मिळेल’. सगळ्या डोंगरातले लोक त्याच्याकडून मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचे. मी म्हटलं, शब्बीर, आमच्या वाडीचं कुणी आलं की गाण्यांच्या मधे हे पण भर. मी शाळेत आवाज भरून कार्ड नेलं होतं. मुलांच्या आवाजात पाढे होते, कविता होत्या, माझ्या आवाजात गणितं आणि गोष्टी.

“आणि त्यानं भरलं?”

“तो म्हणाला, ‘बाई, लोक मला शिव्या घालतील. नाचाच्या गाण्यानंतर एकदम सात एके सात!’ मी म्हटलं, घालू देत. मग त्यानं काय केलं, पाढ्यांना नावं दिली ‘नवीन गाणं एक’, ‘नवीन गाणं दोन’. नाव बघून कुणी पुसायचं नाही.”

साहेब थांबले. आता मात्र ते खरोखर हसत होते, गुडघ्यांवर हात ठेवून. “मग?”

“मग काय. उगल्यांच्या पोराच्या हळदीत मोठ्या कर्ण्यावर सतराचा पाढा लागला. कुणी बंद केला नाही. सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत नाचले.”

थोडं चढून गेल्यावर त्यांना यादी आठवली असावी. हसू गेलं. “मॅडम, एक लक्षात घ्या. शाळा मी बंद करत नाही. मी फक्त यादी करतो.”

“मीपण फक्त हजेरीच लावते,” मी म्हटलं.

मग पठारापर्यंत ते पुढं, मी मागं.

पठारावर आधी ऐकू आल्या घंटा. मग वाऱ्याबरोबर तुटक तुटक आवाज. साहेबांनी हात वर केला, मला थांबवलं. गवतातून तांबडी गाय चरत येत होती. तिच्या गळ्यात घंटेशेजारी दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक बांधलेलं, आणि त्या प्लास्टिकमधून फोन बोलत होता, “बारा चोक अठ्ठेचाळीस, बारा पाचे साठ.” मागं चाळीसेक गुरं त्या आवाजाच्या मागानं एकत्र चालली होती.

“ए काका! कपिलीला हात नका लावू!”

खडकामागून देवका आली. फ्रॉकवर आज्याचा जुना सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात तिच्याहून उंच काठी. मी मागं होते, गवतात. तिनं फक्त साहेबांना पाहिलं. बूट हातात, पॅन्ट वर, बगलेत बॅग.

“इकायची नाय गाय. बैल बी नाय. व्यापारी लोक बाजाराला या, हितं नाय यायचं.”

“मी व्यापारी नाही.”

“मंग बॅगेत काय?”

“यादी.”

“जनावरांची?”

मी पुढं झाले, तेव्हा तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “बाई! बॅटरी नाय का आली? बाबा पडला का काय परत?”

“नाही गं. बाबा शाळेत वाघाची गोष्ट सांगतोय. हे साहेब तुझा वर्ग बघायला आलेत.”

मी ‘तुझा अभ्यास’ म्हणणार होते. तोंडातून ‘वर्ग’ का आलं ते मला पुढच्याच क्षणी कळलं. खडकामागं आणखी तीन मुलं होती. दोन मुली आणि एक मुलगा, आठ-नऊ वर्षांचे. मी त्यांना ओळखत नव्हते. पलीकडच्या उतारावर ठाकरांची वस्ती आहे, तिथली ती. त्यांचीही गुरं याच पठारावर यायची. त्यांच्यासमोर बैठा काळा कातळ होता, अंगणाएवढा. त्याच्यावर खडूसारख्या पांढऱ्या दगडानं भागाकार मांडले होते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

“तुम्ही कुठल्या शाळेत जाता?” साहेबांनी विचारलं.

मुलगा कातळाकडे बोट दाखवून म्हणाला, “हितल्या.”

“आणि तू?” साहेब देवकाकडे वळले. “तू का जात नाहीस शाळेत?”

“जाते की,” देवका म्हणाली. “दसऱ्यानंतर मी जाईन. तोवर बॅटरी जाती.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

कपिली चरत चरत कातळापाशी आली. पाढा संपला, एक नाचाचं गाणं सुरू झालं, दोन कडवी झाली, ते संपलं. मग फोनमधून देवकाचाच आवाज आला. मागं वारा, घंटा, कुठंतरी भारद्वाजाचं हुंकारणं.

“ऐका रं. छत्तीस आंबे हायेत. घरं हायेत चार. सारखे वाटायचे. एका घराला किती?”

आणि फोन गप्प झाला.

मला वाटलं बंद पडला. पण कुणी हललं नाही. देवका नाही, ती तिघं नाहीत. मुलं साहेबांकडे बघत होती, पाहुण्याला आधी संधी द्यावी तशी. गाय गवत तोडत होती. कर्र, कर्र. त्या गप्प फोनाकडे सगळे असे बघत होते की गप्प बसवेना.

“नऊ,” साहेब म्हणाले.

“बराबर!” फोन म्हणाला. “आता समद्यांनी, मोठ्यानं!”

मुलं गवतात लोळायची बाकी राहिली. साहेबांचे कान तांबडे झाले. देवका मात्र गंभीर होती. “काका, तुमी हुशार हाये,” ती म्हणाली. “कितवीपर्यंत शिकलात?”

“बरीच शिकलो,” साहेब म्हणाले.

मग त्यांनी बूट खाली ठेवले आणि कातळावर बसले. त्या मुलाला, वाळकूला, त्यांनी चौपन्न भागिले सहा विचारलं. त्यानं कातळावर रेघोट्या मारल्या, पुसल्या, परत मारल्या. साहेब सांगू पाहत होते, देवकानं त्यांच्यापुढं काठी आडवी धरली. “सांगू नका. थांबा.” थांबले. वाळकूनं नऊ लिहिले. दोन मुलींपैकी सोमीनं एक सोडवलं. बुधीचं चुकलं, तर देवका म्हणाली, “चुकू दे. मोठ्यानं चुक.” ते माझं वाक्य होतं. वर्गातलं. मी कधी म्हटलं होतं आठवतही नव्हतं.

पण तो फोनातला धडा माझा नव्हता.

“देवका, भागाकाराचा धडा मी दिला होता तो कुठाय?”

तिनं काठीनं माती उकरली. “पुसला म्या.”

“पुसलास?”

“जागा नव्हती. आन्...” तिनं साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सांगू का? रागवाल.”

“सांग.”

“तुमच्या धड्यात तुमीच बोलता, बाई. थांबतच नाय. इचारता बी तुमी, सांगता बी तुमी. पोरांनी बोलायचं कधी? ही तिघं नुसती ऐकायची आन् झोपायची. म्हणून म्या परत भरला. थांबून थांबून.”

“किती थांबतेस?”

“कपिली तीन घास तोडंस्तोवर. आधी एकच घास थांबले होते, तर वाळकूला जमंना. मंग तीन केले.”

गाय तिथंच उभी होती. घास तोडत होती. मी मोजले. एक. दोन. तीन. वर्गात तेवढा वेळ फार मोठा वाटला असता. मी चौतीस वर्षं शिकवत होते, आणि मला वाटायचं माझ्याइतका धीर तालुक्यात कुणाला नाही.

“नाय ना रागवला?” देवका म्हणाली.

“नाही. तुझा धडा मला पाहिजे. शाळेतल्या पोरांना ऐकवीन.”

“कार्ड देते काढून. पर नाचाची गाणी पुसू नका.”

उतरताना साहेब पुढं होते. ओढ्यात त्यांनी पाय धुतले, बूट चढवले, लेस बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाले, “मॅडम, मुलगी शिकतेय. पण हजेरी खोटीच आहे. मुलगी वर्गात नव्हती आणि तुम्ही हजर लिहिलं. मला ते लिहावं लागेल.”

“लिहा.”

“तुम्हाला नोटीस येईल.”

“येऊ दे. तिला शब्द दिला होता मी.”

शाळेत खंडूबाबाचा वाघ अजून जिवंत होता आणि पहिलीची दोन पोरं त्याच्या मांडीवर झोपली होती. मी कपाट उघडलं, प्रवेशाचं मोठं रजिस्टर काढलं, टेबलावर ठेवलं आणि साहेबांसमोर लिहायला बसले. सोमी मेंगाळ. बुधी मेंगाळ. वाळकू मेंगाळ. त्यांची आणि आई-बापांची नावं देवकानं पठारावरच सांगितली होती.

“हे काय करताय?”

“प्रवेश देतेय. तीन मुलं शाळेबाहेरची सापडली, आपल्या दोघांना. साक्षीला तुम्ही होता.”

“ती तरी कुठं येतात शाळेत?”

“दसऱ्यानंतर येतील. आपली आपण नाही आली तर देवका आणील. तिच्या हातात काठी असते, तुम्ही पाहिलीय.”

“पालकांची सही?”

“उद्या सकाळी मी स्वतः त्या वस्तीवर जाते. अंगठे घेऊन येते. तोवर नावं पेन्सिलनं.”

ते रजिस्टरवर वाकले. “जन्मतारखा काय घालणार? या लोकांना कुठं माहीत असतात.”

“एक जून.”

“तिघांची?”

“तिघांची.”

डोंगरातल्या सगळ्या गुरुजींची ती रीत आहे. तारीख माहीत नसली की एक जून, म्हणजे शाळा उघडायला वय भरलेलं असतं. मला वाटलं आता साहेब ओरडणार. नियम सांगणार. मी पेन्सिल धरून थांबले. तीन घास तोडण्याइतका वेळ गेला असेल.

“माझीही एक जूनच आहे,” ते म्हणाले.

त्यांनी शेरेपुस्तक ओढलं आणि लिहिलं. दोन्ही लिहिलं. एक, गैरहजर विद्यार्थिनीस हजर दाखवल्याचं आढळलं, खुलासा मागवावा. दोन, शाळेचा पट तेरा. मग बॅगेतून यादी काढली, जांभूळदऱ्यापुढं काहीतरी केलं. काय केलं ते मी वाकून पाहिलं नाही. जाताना त्यांनी संगणकावर फुलाफुलांचं कापड परत नीट घातलं आणि चार्जरचा दिवा बघून म्हणाले, “भरलीय. हिरवा झालाय.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून मी ठाकरांच्या वस्तीवरून अंगठे घेऊन आले. शाळा उघडते तर खंडूबाबा ओसरीवर. त्यानं टोपीची घडी उलटी केली. बॅटरी पडली. मग सदऱ्याचा खिसा उपडा केला. तीन दगड पडले. चपटे, तळहाताएवढे. एकेकावर टोकदार गारगोटीनं खोल कोरलेलं होतं. सोमी. बुधी. वाळकू.

“त्यांच्याकडं फोन नाय,” खंडूबाबा म्हणाला. “बॅटरी कुठली धाडणार? काल तुमी नावं इचारून गेलात तवाच देवका म्हणली, दगड धाडा. ज्यानं त्यानं आपलं आपण लिहायचं.” त्यानं कंबर धरून माझ्याकडे पाहिलं. “बाई, अजून पोरं वाढवू नका. मला गाढव घ्यावं लागंल.”

मी दगड खिडकीत मांडले, चार्जरच्या शेजारी. हजेरीपट उघडला. निळ्या शाईनं चौघांपुढं हजर लिहिलं. रोज लिहिलं, दसऱ्यापर्यंत. रोज नवे दगड यायचे. तिसऱ्या आठवड्यात वाळकूच्या दगडावर नावाखाली आडनावही आलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवका दारात उभी राहिली, आज्याच्या सदऱ्यात. मागं ती तिघं, एकमेकांचे हात धरून. “बाई, आता बॅटरी नको ना लावायची?” तिनं विचारलं. “आता मीच आले.”

नोटीस दिवाळीनंतर आली. सात दिवसांत खुलासा करा. सदर विद्यार्थिनी प्रत्यक्षात गैरहजर असताना कोणत्या आधारे हजर दाखवण्यात आली, तसेच प्रवेश दिलेल्या इतर तीन विद्यार्थ्यांची हजेरी कोणत्या आधारे लावली. शेजारच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, “माफी मागा, दोन ओळींत संपेल.” मी दोन ओळींतच लिहिलं.

‘सदर चारही विद्यार्थी त्या कालावधीत शिकत होते. जो शिकतो तो हजर, असे समजून हजेरी लावली आहे व पुन्हा वेळ आल्यास तशीच लावीन.’

खाली सही केली. सहीखाली डाव्या बाजूला लिहिलं, ‘सोबत पुरावा : दगड, नग तीन.’ कागद आणि दगड एका पिशवीत घातले आणि बाजाराच्या दिवशी स्वतः ऑफिसात नेऊन दिले.

आवक खिडकीवरचा लिपिक पिशवीत बघून मान खाजवत राहिला. साहेबांना विचारून येतो म्हणाला. पिशवी आणि खुलाशाच्या दोन्ही प्रती घेऊन आत गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला, आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारला.

माझ्या खुलाशाचं पुढं काय झालं, तो मान्य झाला की अमान्य, हे मला निवृत्तीच्या दिवसापर्यंत कुणी कळवलं नाही. शाळा मात्र कुणी बंद केली नाही. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. गोल जांभळ्या शिक्क्याच्या आत तारीख, आणि शेजारी हिंगमिरे साहेबांच्या अक्षरात एक ओळ.

‘दगड मिळाले. नावे वाचली.’